रफ वहीच्या बाजूने

शाळेत आपल्या सगळ्यांकडे एक रफ वही असायची. माझी वही आई शिवून द्यायची. गेल्या वर्षीच्या वह्यांची उरलेली कोरी पानं एकत्र करायची आणि दाभणाने टाचायची. तिला कव्हर नव्हतं, लेबल नव्हतं, आणि ती तपासायला कधीच जात नसे. गणित मात्र तिच्यातच सुटायचं. चुकायचं, खोडलं जायचं, परत मांडलं जायचं. उत्तर जुळलं की ते सुवाच्य अक्षरात, समास सोडून, 'फेअर'मध्ये उतरायचं. मार्क फेअरला पडायचे, रफ वही जूनमध्ये रद्दीत जायची.

आज मी त्या रद्दीत गेलेल्या वहीची बाजू मांडायला बसले आहे. निमित्त आहे आपल्या मंडळाच्या छोट्या ॲनिमेशनपटाचं. 27 फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिनी तो आपल्या हॉलमध्ये दाखवला, तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिला. दीड मिनिटाचा आहे. 'चित्रं किती सुंदर होती' असं सगळे भेटून सांगतात. सुंदर आहेतच. पण हा चित्रपट ज्या चित्रांतून घडला ती तुम्ही पाहिलेली नाहीत. ती पाहिली असतीत तर हसला असतात. माझं म्हणणं एवढंच आहे की चित्रपट त्या हसू येणाऱ्या चित्रांतच तयार होतो. त्यांना वगळून थेट सुंदर चित्रांकडे धावलो तर वेळ तर जातोच, माणसंही दुखावतात. हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही. आधीच्या वर्षी आम्ही नेमकं तेच केलं होतं.

तेव्हाचा विषय होता पोदेर. पहाटेची वेळ, सायकल, मागे पावांची टोपली, भोंग्याचा पों पों आवाज. कल्पना ऐकूनच आम्ही खूश. आमच्यात एक मैत्रीण आहे जिचा हात खरोखर चांगला आहे. आम्ही तिला म्हटलं, 'तू सुरुवात कर, गोष्ट होईल मागाहून.' तिने सुरुवात केली. एकेका पार्श्वचित्राला तीन-तीन दिवस. धुक्यातली वाट, कौलारू घर, माडांच्या मागे उजाडणारं आभाळ. दर आठवड्याला ती नवीन चित्र आणायची आणि आम्ही सगळे एका सुरात 'वा!' म्हणायचो. अशी चौदा चित्रं झाली. डिसेंबरात बसून जुळवाजुळव करायला गेलो तेव्हा कळलं की गोष्टच नाही. पोदेर येतो, पाव देतो, जातो. त्यात कुणाला काही हवं नाही, कुणाचं काही हरवलेलं नाही. मग आम्ही घाईघाईने एक गोष्ट रचली. तिच्यात त्या चौदांपैकी नऊ चित्रं बसेनात. मैत्रीण काही बोलली नाही. चित्रं गोळा केली, फोल्डरमध्ये घातली आणि म्हणाली, 'परत मला चित्रं काढायला सांगू नका.' पुढचे सहा महिने ती मंडळात फिरकली नाही. चित्रपटही झाला नाही.

आता कबुली. गोष्ट पुढे सरकत नाही हे मला तिसऱ्याच चित्राला कळलं होतं. संहिता माझी होती, मला नाही कळणार तर कुणाला? पण समोर इतकं देखणं चित्र असताना 'याची गरज नाही' असं म्हणायचं तरी कसं? तीन दिवस राबलेल्या माणसाला कोण सांगणार? मी गप्प बसले. आमच्या 'वा!'मुळेच ती नऊ चित्रं वाया गेली असं मला आजही वाटतं.

म्हणून या वर्षी चवथीची सुट्टी संपल्यावर बसलो तेव्हा मी आधी तिच्या घरी गेले. ती यायला तयार झाली, पण एका अटीवर. 'आधी तुम्ही काढा. मी शेवटी काढीन.'

'आम्हाला चित्र येत नाही गो,' मी म्हटलं.

'म्हणूनच तुम्ही काढा,' ती म्हणाली.

तिथून आमचा स्टोरीबोर्ड सुरू झाला. नियम तीनच. कागद पाठकोरे वापरायचे, म्हणजे एका बाजूला छापलेले. रंग नाही, खोडरबर नाही. आणि एका चौकटीला एक मिनिट, त्याहून जास्त वेळ लागला तर पेन्सिल काढून घ्यायची! आमच्या फादरांनी स्टोअररूममधला थर्माकोलचा मोठा तक्ता दिला. मागच्या नाताळात गोठ्याच्या देखाव्यामागे निळं आभाळ म्हणून लावलेला होता, एका कोपऱ्यात चमकीचा तारा अजून चिकटलेला. त्या आभाळावर आम्ही टाचण्यांनी चौकटी लावत गेलो.

विषय या वेळी माटोळी. गोव्याबाहेरच्या वाचकांसाठी सांगते, चवथीला गणपतीच्या डोक्यावर लाकडी चौकट टांगून तिला रानातली, मळ्यातली फळं-पानं बांधतात ती माटोळी. असोला नारळ, सुपारीचा घोस, चिबूड, कवंडाळ, कांगलां, आणि नावं पटकन आठवू नयेत अशा कितीतरी वस्तू. आमची गोष्ट अशी की एक आजोबा दर वर्षी रानात जाऊन हे सगळं आणतात, नातू ते बांधायला मदत करतो, आणि एका वर्षी आजोबा नसतात.

स्टोरीबोर्ड ज्यांनी पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडं. ती चित्रकथा नसते, आणि देखणी असावी अशी अपेक्षाही नसते. प्रत्येक चौकट म्हणजे पडद्यावर एका वेळी जे दिसणार ते. माणूस म्हणजे एक गोळा आणि चार काड्या. कोण कुठून कुठे जातो यासाठी बाण. खाली दोन ओळी, एक आवाजाची आणि एक वेळेची, 'पाऊस, 3 सेकंद' अशी. बस्स. यातून दोन गोष्टी लगेच कळतात. एक, काय समजतं आणि काय समजत नाही. दोन, काय महाग आहे.

समजण्याचं उदाहरण देते. आमच्या पहिल्या मांडणीत आजोबा घरातून रानाकडे जाताना डावीकडून उजवीकडे चालत होते. परत येतानाही डावीकडून उजवीकडेच! चौकटी वेगवेगळ्या दोघांनी काढल्या होत्या, कुणाच्या लक्षातच आलं नाही. तक्त्यावर शेजारी शेजारी लावल्यावर एका प्रथम वर्षाच्या मुलाने विचारलं, 'हे अजून रानातच चाललेत काय?' बाण उलटा केला, काम झालं. खर्च एक कागद. हीच चूक रंगवलेल्या चित्रात सापडली असती तर मैत्रिणीचा आठवडा गेला असता आणि तो मुलगा कदाचित बोललाच नसता.

महागाईचं गणित तर प्रत्येकाने एकदा करून बघावं. चित्रपटात सेकंदाला 24 चौकटी सरकतात. एकच चित्र दोन चौकटी टिकवलं तरी सेकंदाला 12 चित्रं. नव्वद सेकंदांची होतात 1,080. आम्ही अर्थात काटकसर केली. हलणारा भाग तेवढाच नव्याने काढायचा, बाकी तेच चित्र ठेवायचं. तरीही हे काम एका माणसाच्या मनगटावर पडणार हे तक्त्यासमोर उभं राहिल्याशिवाय आम्हाला उमगलं नव्हतं. पहिल्यांदा 41 चौकटी झाल्या. मोबाईलवर त्यांचे फोटो काढून एकामागे एक लावले, आमच्याच तोंडाने पावसाचे, पावलांचे आवाज काढले आणि चालवून पाहिलं. जाणकार याला 'ॲनिमॅटिक' म्हणतात. दोन मिनिटं वीस सेकंद! मग कापाकापी. शेवटी तक्त्यावर 26 चौकटी राहिल्या.

त्या कापाकापीत माझं निवेदन गेलं. मी साहित्याची विद्यार्थिनी. आजोबा गेल्यानंतरच्या प्रसंगासाठी मी चार वाक्यं लिहिली होती. त्यांत 'पोकळी' होती, 'आठवणींचा दरवळ' होता, आणखीही बरंच होतं. मला ती फार आवडायची. शेवटची चौकट आमच्या कॉमर्सच्या एका मित्राच्या वाट्याला आली. त्याच्या म्हणण्याप्रमाणे त्याने दहावीनंतर चित्र काढलेलं नाही. त्याने एक आयत काढला, ती माटोळी. तिला दोऱ्या, दोऱ्यांना गोळे. एका दोरीला काहीच नाही.

'इथे काय आहे?' मी विचारलं.

'अरे, काढायचं राहिलं,' असं म्हणत तो पेन्सिल शोधायला लागला.

'थांब,' मैत्रीण म्हणाली, 'काढू नको.'

आम्ही सगळे त्या रिकाम्या दोरीकडे बघत राहिलो. रानातली ती एक वस्तू कुठे मिळते ते फक्त आजोबांना माहीत होतं. नातवाने बाकी सगळं बांधलं, त्या दोरीला बांधायला मात्र त्याच्याकडे काही नाही. माझी चार वाक्यं जे सांगायला धडपडत होती ते त्या राहून गेलेल्या गोळ्यात होतं. मी घरी जाऊन वाक्यं खोडली. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? पण शेवट सापडला होता, आणि तो आमच्यापैकी कुणीही 'लिहिलेला' नव्हता.

आता वादाचा मुद्दा. त्याच आठवड्यात आमच्यातल्या एकाने एआय वापरून सगळ्या चौकटी एका संध्याकाळी करून आणल्या. त्याचा हेतू चांगला होता. 'आपल्याला चित्र येत नाही, मग हे वापरायला काय हरकत आहे?' हा त्याचा प्रश्नही गैर नाही. चित्रं गुळगुळीत होती, रंगीत होती, उजेड छान पडलेला. आजोबांचा चेहरा दर चौकटीत वेगळा होता आणि माटोळी लग्नातल्या फुलांच्या सजावटीसारखी दिसत होती, पण त्यावर मी बोट ठेवणार नाही. उद्या त्या यंत्राला माटोळी येईलही. मला खटकलं ते आमचं वागणं. चित्रं बघून सगळे काय म्हणाले असतील? 'वा!' पुन्हा तेच. पोदेराच्या वेळचं ते 'वा!' मला ओळखता आलं. तक्त्यावरच्या काड्यांपुढे उभे राहून जे अर्धा तास भांडत होते ते या चित्रांपुढे दोन मिनिटांत गप्प झाले. आणि शेवटच्या चौकटीत सगळ्या दोऱ्या फळांनी भरलेल्या होत्या. पूर्ण झालेल्या चित्रात काही राहून जायला जागाच नसते.

म्हणून माझं मत आहे की गोष्ट ठरत असताना चित्र मुद्दाम कच्चं ठेवावं. चित्र कच्चं असलं की समोरच्याला 'हे बदलू या' म्हणायचं धाडस होतं, आणि काढणाऱ्यालाही ते लागत नाही. एक मिनिटाच्या चित्रावर कुणाचा जीव जडत नाही.

थोरांचे दाखले द्यायचे तर तेही आहेत. चौकटी काढून तक्त्यावर टाचायची ही पद्धत 1930 च्या दशकाच्या सुरुवातीला वॉल्ट डिस्नेंच्या स्टुडिओत रुळली. तिचं श्रेय तिथल्या वेब स्मिथ यांना दिलं जातं. त्यातली मेख टाचणीत आहे. वहीतलं पान फाडावं लागतं, टाचलेला कागद नुसता उचलून दुसरीकडे लावता येतो. आपल्याकडे सत्यजित राय यांच्याजवळ 'पथेर पांचाली'ची रीतसर पटकथा नव्हती. प्रसंगांची रेखाटनं आणि टिपणं होती. ती रेखाटनं त्यांनी निर्मात्यांना दाखवली, पैसा उभा राहायला वर्षं गेली, 1955 मध्ये चित्रपट आला. कुणी म्हणेल, राय स्वतःच चित्रकार होते, त्यांची रेखाटनं आमच्या काड्यांसारखी थोडीच असणार. खरं आहे. पण त्यांच्याइतका हात असलेल्या माणसालाही आधी कागदावर बघून घ्यावंसं वाटलं, तर आपण कोण लागून गेलो? आणि दादासाहेब फाळके? 'राजा हरिश्चंद्र'च्या आधी, 1912 मध्ये, त्यांनी कुंडीतल्या वाटाण्याच्या रोपाची वाढ थोडी थोडी टिपून एक इवलीशी फिल्म केली आणि ती लोकांना दाखवून भांडवलासाठी विश्वास मिळवला. तो स्टोरीबोर्ड नव्हता हे मला कळतं. पण मोठं काम हातात घेण्याआधी लहान, स्वस्त असं काहीतरी करून दाखवायचं, ही अक्कल तीच.

आपल्या गोव्याचंही एक नाव घेते. लोटलीचे मारियो मिरांडा. चित्रकलेचं रीतसर शिक्षण न घेतलेला हा तरुण व्यंगचित्रकार म्हणून नावारूपाला येण्याआधीपासून रोजची डायरी चित्रांतून लिहायचा. त्या डायऱ्या पुढे पुस्तकरूपाने आल्या. आज भिंतीभिंतींवर दिसणारा मारियो आधी कुणाला दाखवायच्या नसलेल्या पानांवर तयार झाला.

मंडळातल्या काही ज्येष्ठांचा एक आक्षेप माझ्या कानावर आला आहे. 'मराठी साहित्य मंडळाने कविता-कथा कराव्यात, चित्रं काढत काय बसायचं?' त्यांच्याबद्दल आदर ठेवून सांगते, माझं मराठी लेखन सर्वांत जास्त सुधारलं ते या 26 चौकटींत. चौकटीत 'भावविवश' काढता येत नाही. गाठ मारता मारता थांबलेला हात काढता येतो. दर चौकटीला मला स्वतःला विचारावं लागलं, नेमकं काय घडतं? कोण काय करतं? हा प्रश्न मी माझ्या जुन्या कथांना विचारला तेव्हा पाच पानांतली तीन पानं गळाली. आता सांगा, हे साहित्य मंडळाचं काम नाही का?

कच्च्या चित्रांचं मी उगाच कौतुक करते आहे असंही कुणाला वाटू नये. त्यांचाही एक धोका आहे आणि तो मैत्रिणीने आम्हाला तोंडावर सुनावला. आमच्यातल्या एकाने हौसेने चौकट काढली, आरतीला पंधरा माणसं, सगळी टाळ्या वाजवताहेत, वेळ तीन सेकंद. काड्यांची पंधरा माणसं काढायला त्याला मिनिट पुरलं. ती हलवायला तिला पंधरा दिवस लागले असते! 'तुमचं मिनिट आणि माझं मिनिट एक नाही,' ती म्हणाली. मग त्या चौकटीत आम्ही माणसं ठेवलीच नाहीत. भिंतीवर हलणाऱ्या सावल्या आणि टाळ्यांचा आवाज. पडद्यावर तो प्रसंग तुम्ही पाहिलाच आहे, सगळ्यांनी वाखाणलाही. तेव्हा जो चौकट काढतो त्याला तिच्यामागच्या कष्टांचा हिशेब माहीत हवा. नाहीतर कच्चं चित्रसुद्धा दुसऱ्याच्या डोक्यावर ओझं टाकायचं साधन होतं.

पोदेराच्या वेळी हा हिशेब आम्हाला माहीत नव्हता. म्हणून ती एकटी राबली आणि आम्ही टाळ्या वाजवल्या. या वेळी तिने ब्रश हातात घेतला तो जानेवारीत, गोष्ट पक्की झाल्यावर. एकही चित्र वाया गेलं नाही. शेवटची दोरी रंगवताना तिने मला बोलावलं आणि विचारलं, 'वाऱ्याने थोडी हलू दे?' चौकटीत ते नव्हतं. मी म्हटलं, 'हलू दे.' ती जागा तिची होती.

मंडळाच्या नव्या कार्यकारिणीला माझी एक सूचना आहे. जूनमध्ये पहिली बैठक घ्याल तेव्हा एकांकिका असो, लघुपट असो की भित्तिपत्रक, पहिल्या दिवशी कुणालाही फेअर काम देऊ नका. प्रत्येकाच्या हातात पाठकोरा कागद द्या. ज्याला चित्र येत नाही त्याला आधी द्या. एक मिनिट लावा. आणि समोर आलेल्या चौकटीला 'वा!' म्हणायच्या आधी विचारा, इथे काय राहिलं?

थर्माकोलचा तक्ता परत स्टोअररूममध्ये ठेवला आहे. टाचण्यांनी त्याची चाळण झाली आहे, तारा अजून कोपऱ्यात आहे. फादर म्हणाले, येत्या नाताळात दुसरं आभाळ करू, हे तुम्हाला राहू दे.